तळ्यात पेंढा टाकून धातू जात नाहीत

शेतात उरलेला पेंढा, उसाचं पाचट, मक्याची ताटं, भाताचं तूस मत्स्यतळ्यात टाकलं की पाण्यातले जड धातू त्यात शोषले जातात, मासा खायला निर्धोक होतो आणि शेतातला पसाराही मार्गी लागतो, असा एक सल्ला हल्ली बराच फिरतो आहे. शेतकरी मेळाव्यांत तो ऐकू येतो, मोबाइलवरच्या चित्रफितींत दिसतो आणि सेंद्रिय शेतीचं नाव पुढे केलं की त्याला कोणी फारसं हटकतही नाही. माल फुकटचा, कृती सोपी, वर पर्यावरणाचं पुण्य. नाही म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

तरीही नाही म्हणायला हवं. हा सल्ला रसायनशास्त्राच्या एका खऱ्या गोष्टीवर उभा आहे, पण त्या गोष्टीतून जो निष्कर्ष काढला जातो तो खोटा आहे. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, तळेघर आणि भीमाशंकरच्या वाटेवरच्या आदिवासी गावांत तर तो दुहेरी नुकसानीचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: पिकाचे अवशेष धातू संपवत नाहीत, फक्त त्यांची जागा बदलतात. धातू पाण्यात राहणार, गाळात बसणार की माशात शिरणार, हे मुख्यतः तळ्यातला ऑक्सिजन ठरवतो. आणि पेंढा तळ्यात पडला की सगळ्यात आधी संपतो तो ऑक्सिजनच.

आधी समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. वनस्पतीच्या काडीत सेल्युलोज असतं, लिग्निन असतं, टॅनिन असतं. त्यांच्या रेणूंवर अशा जागा असतात की तांबं, शिसं, कॅडमियम यांचे आयन तिथे चिकटून बसतात. तळेघरच्या माणसाला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. हिरडा गोळा करणाऱ्यांना ठाऊक असतं की ओला हिरडा लोखंडी कोयत्याने कापला की पातं काळं पडतं. हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला धरतं, त्याचा तो काळा रंग. हिरडा आणि हिराकस यांची शाई जुन्या काळी याच गुणावर बनत असे. तेव्हा वनस्पती धातूला धरते, यात वाद नाही. भाताचं तूस, उसाची चिपाडं, गव्हाचं काड यांनी पाण्यातला धातू कसा धरला यावर जगभर शेकडो शोधनिबंध आहेत. ते खोटे नाहीत. वाद आहे तो त्या प्रयोगांतून तळ्यावर मारलेल्या उडीशी.

ते प्रयोग कसे होतात ते बघा. काड धुतात, वाळवतात, दळतात, चाळतात. बहुतेक वेळा त्याला आम्लाची नाहीतर अल्कलीची प्रक्रिया देतात, म्हणजे चिकटण्याच्या जागा मोकळ्या होतात. मग शे-दोनशे मिलिलिटर शुद्ध पाण्यात एकाच धातूचा क्षार घालतात, तोही लिटरला दहा, वीस, पन्नास मिलिग्रॅम. पाणी किंचित आम्लधर्मी ठेवतात. त्यात ती भुकटी टाकून तास-दोन तास हलवतात आणि शेवटी गाळून घेतात. भुकटी बाहेर, धातू बाहेर, पाणी स्वच्छ, आणि टक्केवारी नव्वदीच्या पुढे.

आता तळं बघा. तिथे काड दळलेलं नाही, पेंढ्यांनी टाकलेलं आहे. पाण्यात धातू असलाच तर लिटरला मिलिग्रॅमांत नाही, मायक्रोग्रॅमांत असतो, म्हणजे प्रयोगातल्या मात्रेच्या हजाराव्या हिश्श्याच्या घरात. त्याच पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र त्याच्या शेकडो-हजारो पट असतात आणि चिकटण्याच्या जागांवर तेही हक्क सांगतात. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, म्हणून दुपारी पाण्याचा सामू वर जातो. रात्री तो परत उतरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रयोगातलं शेवटचं काम तळ्यात होतच नाही. कोणी गाळत नाही. टाकलेला पेंढा तळ्यातच बसतो, तिथेच कुजतो आणि धरलेला धातू पुन्हा तळ्याच्याच हवाली करतो. ज्या पायरीमुळे प्रयोग यशस्वी झाला नेमकी तीच गाळून उरलेली कृती शेतकऱ्याच्या हाती दिली, तर दोष शेतकऱ्याचा नाही आणि शोधनिबंधाचाही नाही. दोष मधल्या सांगणाऱ्याचा आहे.

थोडा हिशोब मांडतो, कारण या विषयात विशेषणांनी काम भागत नाही. आपल्याकडचं नेहमीचं शेततळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजूंचा उतार धरला तर त्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावतं. समजा या पाण्यात लिटरला १० मायक्रोग्रॅम तांबं आहे. म्हणजे सगळ्या तळ्याच्या पाण्यात मिळून २० ग्रॅम. आता तळाकडे या. मातीचं तळं असेल आणि तळाच्या साडेचारशे चौरस मीटरवर ५ सेंटीमीटर गाळ धरला, तर सुका गाळ १५ ते २० टन भरतो. आपली माती दख्खनच्या बेसाल्टची आहे आणि या खडकात तांबं मुळातच जास्त असतं. किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे काही विशेष नाही. त्या हिशोबाने गाळात दीड-दोन किलो तांबं झालं. पाण्यात २० ग्रॅम, गाळात दीड-दोन किलो.

या एका हिशोबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की गाळाच्या तपासणीत तांबं, क्रोमियम, निकेल यांचे आकडे मोठे दिसले म्हणून तळं दूषित झालं असं होत नाही. ते खडकाच्या कणांतच अडकलेलं असतं आणि माशापर्यंत पोचत नाही. एकूण किती आहे यापेक्षा सुटं किती आहे, हे बघावं लागतं. दुसरी गोष्ट या वादाच्या मुळाशी जाते. पेंढ्याने पाण्यातला सगळाच्या सगळा धातू धरला असं घटकाभर मानलं, तरी ते २० ग्रॅम. उलट पेंढ्यामुळे गाळातल्या साठ्याचा एक-दोन टक्के भाग जरी सुटा झाला, तरी ती सगळी कमाई धुऊन जाते. त्यामुळे खरा प्रश्न पेंढा पाण्यातून काय घेतो हा नाही. तो गाळाचं काय करतो, हा आहे.

गाळाचं काय होतं हे कळायला ऑक्सिजनचा हिशोब लागतो. कोमट पाण्यात लिटरला फार तर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. २० लाख लिटरमध्ये १६ किलो. हा झाला माशांचा, शेवाळाचा आणि जिवाणूंचा मिळून एका वेळचा साठा. आता त्यात १०० किलो पेंढा टाका. पेंढ्याच्या वजनात सुमारे ४० टक्के कार्बन असतो. त्यातला निम्मा पेंढा जरी पुरता कुजला, तरी त्याला पन्नास किलोच्या आसपास ऑक्सिजन लागतो, म्हणजे तळ्यातल्या साठ्याच्या तिप्पट. हे एका रात्रीत होत नाही आणि हवेतून, शेवाळातून ऑक्सिजन भरून निघत असतो, हे खरं. पण पेंढ्यातली साखर आणि सहज कुजणारा भाग पहिल्या काही आठवड्यांतच सुटतो आणि ओढ तेव्हाच सगळ्यात जास्त असते. परिणाम बघायला यंत्र लागत नाही. पहाटे तळ्यावर गेलं की रोहू-कटला पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. सकाळी खाद्य टाकलं तर ते तसंच तरंगत राहतं. ऊन चढल्यावर मासे खाली जातात आणि मालकाला वाटतं, झालं ठीक. वर ठीक झालेलं असतं; खाली गाळाशी ऑक्सिजन परतलेला नसतो.

ऑक्सिजन संपला की गाळातले जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात. आधी मँगनीजचे आणि लोहाचे ऑक्साइड. आपल्या तांबड्या मातीचा रंग ज्या लोहाच्या ऑक्साइडमुळे आहे, तेच आर्सेनिक आणि इतर अनेक धातू धरून बसलेलं असतं. ते ऑक्साइड विरघळलं की त्याच्या अंगावरचं ओझंही पाण्यात येतं. त्यानंतर जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि सल्फाइड तयार होतं. गाळ काळा पडतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

इथे सल्ल्याचे समर्थक एक बिनतोड वाटणारा मुद्दा काढतात. सल्फाइड तर कॅडमियम, शिसं, जस्त, तांबं यांना घट्ट धरून ठेवतं, मग काळा गाळ चांगलाच की! मुद्दा अर्धा बरोबर आहे. काळ्या, हवाबंद गाळात हे चार धातू खरोखरच बांधले जातात. पण तळं बारा महिने भरलेलं असेल तरच हे समाधान टिकतं. आपली तळी एप्रिल-मेमध्ये आटतात, नाहीतर मासळी काढायला रिकामी केली जातात. गाळ उघडा पडतो, भेगाळतो, भेगांतून हवा आत शिरते. सल्फाइडचं सल्फेट होतं, थोडं आम्लही तयार होतं आणि बांधलेले धातू सुटे होतात. मग जूनमध्ये पहिलं पाणी तळ्यात उतरतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याच पाण्यात आपण बोटुकली सोडतो. माशाचं सगळ्यात नाजूक वय आणि धातू सगळ्यात मोकळे असण्याचा काळ यांची गाठ आपणच घालून देतो.

पाऱ्याची गोष्ट तर आणखी उलटी आहे. हवाबंद गाळात, कुजणाऱ्या काडीच्या सोबतीने, सल्फेट खाणारे जिवाणू साध्या पाऱ्याचा मिथिल पारा बनवतात. मिनामाटाच्या उपसागरातल्या माशांतून माणसांच्या मेंदूपर्यंत पोचला तो हाच प्रकार. त्यातून झालेला आजार १९५६ साली ओळखला गेला. तिथे मिथिल पारा कारखान्यातूनच आला होता, पण निसर्गात तो बनायला पारा, कुजणारा पाला आणि ऑक्सिजनचा अभाव एवढं पुरतं. कॅनडात ओंटारियोतल्या प्रायोगिक तलावक्षेत्रात १९९३ साली एक दलदल मुद्दाम बुडवून बघितली. बाहेरून पारा न घालता, निव्वळ बुडालेली झाडोरा-माती कुजून पाण्यातला मिथिल पारा कित्येक पटींनी वाढला. आपल्या बेसाल्टात पारा नगण्य आहे, म्हणून तळेघरच्या तळ्याला ही भीती घालण्यात अर्थ नाही. पण काडीकचऱ्याने सगळेच जड धातू कमी होतात, असं सरसकट विधान करणाऱ्यांनी या एका धातूचं उत्तर द्यायला हवं.

मंगळूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या कामाचा दाखलाही या वादात येतो. तिथल्या संशोधकांनी उसाची चिपाडं, भाताचा पेंढा आणि वाळवलेली जलपर्णी अशा तीन वस्तू पाण्यात ठेवून माशांची वाढ तपासली आणि १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिपाडांवर वाढ सगळ्यात बरी झाली. काड्यांवर जिवाणूंचा आणि शेवाळाचा थर जमतो, रोहूसारखा मासा तो खरवडून खातो, खाद्याचा खर्च वाचतो. उत्तम काम आहे, आणि बेतानं वापरलं तर उपयोगीही आहे. पण ते माशाच्या वाढीबद्दल आहे. धातूंच्या बाबतीत त्याचा अर्थ नेमका उलटा लागतो. काडीवर जमणारा तो बुळबुळीत थर पाण्यातले धातू स्वतःत साठवण्यात तरबेज असतो. पाणी स्वच्छ असेल तर प्रश्नच नाही. पाण्यात धातू असतील तर मात्र आपण ते गोळा करून रोहूच्या ताटात वाढतो. चांगल्या पाण्यात कामाची असलेली युक्ती वाईट पाण्यावरचा उपाय म्हणून खपवणं, ही या सल्ल्यातली सगळ्यात मोठी हातचलाखी आहे.

शिवाय अवशेष स्वतः कोरे असतात असं कोणी सांगितलं? पीक जमिनीतून जे जड धातू उचलतं ते बहुधा दाण्यापेक्षा काडात जास्त साठतात. बंगालमध्ये आर्सेनिकच्या पाण्यावर पिकलेल्या भातात दाण्यापेक्षा पेंढ्यात आर्सेनिक कितीतरी जास्त असतं. जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातात आणि भातातून माणसांच्या हाडांत गेलं. त्या इताई-इताई रोगाला १९६८ साली तिथल्या सरकारने प्रदूषणाचा रोग म्हणून मान्यता दिली. आपल्या घराजवळचं उदाहरण हवं असेल तर जुन्नरच्या पूर्व भागात, नारायणगावच्या बाजूला बघा. द्राक्षबागांची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी झाली की काड्या-पाल्याचे ढीग पडतात. त्या पाल्यावर हंगामभर बोर्डो मिश्रण आणि ताम्रयुक्त बुरशीनाशकं मारलेली असतात, जस्त-मँगनीजवालं मँकोझेब मारलेलं असतं. हा पाला धातू शोषेल म्हणून शेततळ्यात टाकणं म्हणजे तांबं काढायला तांबं घालणं.

आता तळेघरकडे येऊ. इथे पेंढा कचऱ्यात कोणी धरत नाही. भात झोडून झालं की पेंढ्याची गंजी रचली जाते आणि पुढचे सहा-सात महिने गुरं तिच्यावर जगतात. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात पाण्याला आणि हिरव्या चाऱ्याला पारखा, असा हा मुलूख. उरलासुरला पेंढा गोठ्यात अंथरायला, आंब्याची अढी घालायला, घर शाकारायला जातो. काही राबाला लागतो. अशा गावात १०० किलो पेंढा तळ्यात टाकायला सांगणं म्हणजे बैलाच्या दावणीतून काढून पाण्यात बुडवायला सांगणं. सल्ला देणाऱ्याला तो फुकट वाटतो, कारण त्याच्या गोठ्यात बैल नाही.

आणि हे सगळं कोणत्या दुखण्यावर? जड धातू तळ्यात येतात ते कारखान्याच्या सांडपाण्यातून, शहराच्या गटारातून, ताम्रयुक्त फवारण्यांतून, कॅडमियम असलेल्या स्फुरद खतांतून, तांबं-जस्त मिसळलेल्या कोंबडीखाद्यावर वाढलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेतून. तळेघरच्या डोंगरउतारावर पडकईने, म्हणजे एकमेकांच्या शेतात मिळून राबून, बांधलेल्या भातखाचरांत यांतलं काय आहे? खतं थोडी, फवारे त्याहून थोडे, कारखाना नाहीच. धातूंची चिंता करायची तर ती खाली करा. पिंपरी-चिंचवडची पवना आणि पुण्याच्या मुळा-मुठा शहराचं सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि ते सगळं उजनीत साचतं. भिगवणच्या बाजारात येणारी चिलापी त्याच पाण्यातली. तिथे धातूंची नियमित तपासणी हवी, आणि तिथे पेंढ्याच्या गंजीच्या गंजी ओतल्या तरी काही होणार नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

मासा हा या पट्ट्यात छंदाचा विषय नाही. आहुप्याच्या बाजूने उतरणाऱ्या घोड नदीवर कुकडी प्रकल्पातलं डिंभे धरण झालं तेव्हा खोऱ्यातल्या आदिवासींची भातखाचरं पाण्याखाली गेली. ज्यांची जमीन गेली त्यांनीच पुढे त्या जलाशयात सहकारी मासेमारी उभी केली. शाश्वत संस्थेचे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक त्यांच्यासोबत होते. त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिकही मिळालं. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक घ्यायचं आणि पाणी चढलं की मासे धरायचे, असं हे दुहेरी जगणं आहे. म्हणून इथल्या पाण्याबद्दल आणि माशाबद्दल काहीही सांगताना जबाबदारी जास्त.

याच ठिकाणी मला दुसऱ्या टोकालाही उत्तर द्यायचं आहे, कारण माझ्या युक्तिवादाचा गैरवापर सहज होऊ शकतो. कुजणाऱ्या काडीने धातू सुटतात असं म्हटलं की कोणीतरी उठून म्हणेल: मग गाळपेरच बंद करा; तिथले धसकट-सड पाण्याखाली जातात आणि जलाशयातला मासा विषारी होतो. हा तर्क पहिल्याइतकाच पोकळ आहे. डिंभ्याचा एकूण साठा सुमारे साडेतेरा टीएमसी. एवढ्या पाण्यात काठावरच्या पट्ट्यातलं धसकट किती आणि त्याची ऑक्सिजनची ओढ ती किती? शिवाय पीक निघाल्यावर त्या जमिनीत गुरं चरतात, काड उचललं जातं. पाण्याखाली जातात ती बहुतेक मुळं आणि बोटभर सड. सगळ्यात मोठं म्हणजे तिथे धातूचा स्रोत नाही. ज्या नियमाने मी पेंढ्याचं औषध नाकारतो त्याच नियमाने मी गाळपेरीवरचा हा संभाव्य आरोपही नाकारतो. मात्रा बघा, ऑक्सिजन बघा, स्रोत बघा. या तिन्हींतलं काहीच न बघता अवशेषांना देव किंवा भूत ठरवणारे दोघेही चूकच.

मग मत्स्यतळेवाल्याने करायचं काय? उपाय चमत्कारी नाहीत, म्हणून त्यांच्या चित्रफिती होत नाहीत. धातू तळ्यात येऊच न देणं हा पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. फवारणीचा पंप आणि टाकी तळ्यावर धुवायची नाही. शेवाळ मारायला मोरचूद टाकायची सवय सोडायची. एक किलो मोरचुदात पाव किलो तांबं असतं. २० लाख लिटर पाण्यात ते लिटरला १२५ मायक्रोग्रॅम होतं. पूर्वेकडच्या जड, चुनखडीच्या पाण्यात ते एक वेळ पचेल, पण सह्याद्रीच्या माथ्यावरच्या, पावसाने धुऊन काढलेल्या मऊ पाण्यात तेवढ्याने बोटुकलीच्या कल्ल्यांना इजा होऊ शकते. पाण्याची क्षारता न मोजता मोरचूद वापरणं हा तर निव्वळ जुगार. कोंबडीखत वापरायचं तर पक्ष्यांना काय खाऊ घातलं होतं ते विचारूनच. शेतातून येणारं पाणी थेट तळ्यात न घेता आधी एका छोट्या खड्ड्यात थांबवायचं, म्हणजे गढूळपणाबरोबर बराचसा धातू तिथेच बसतो, कारण तो मातीच्या बारीक कणांना धरूनच येतो.

दुसरा उपाय ऑक्सिजनचा. तळाशी कुजणारा थर साचू द्यायचा नाही. खाद्य माशाच्या वजनाच्या हिशोबाने द्यायचं. दाट साठवण असेल तर एरेटर पहाटेच्या वेळी चालवायचा. पाणी काढायचं तेव्हा वरचं न काढता तळाचं काढायचं. चुना गरजेपुरता, सामू बघून. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात हे आणखी महत्त्वाचं, कारण तिथे धातू धरून ठेवायला मातीच नसते. तळाशी जे साचतं तोच गाळ, आणि पेंढा टाकला तर पेंढा हाच गाळ.

काडीचा वापर करायचाच असेल तर तो माशाच्या चाऱ्यासाठी करा, धातूसाठी नको. स्वच्छ पाण्याच्या तळ्यात चिपाडांच्या मोजक्या जुड्या जाळीत बांधून वरच्या उजेडाच्या थरात टांगा, रोज पहाटे मासे वर येतात का बघा, आणि कुजून गळायच्या आत त्या बाहेर काढा. ज्या तळ्यात धातूचा संशय आहे तिथे हेही नको. आणि अशा तळ्यातून काढलेली काडी खत म्हणून भाजीच्या वाफ्यात टाकली, तर धातू तळ्यातून ताटात जायला आणखी एक जवळची वाट आपण काढून दिली असं होईल.

तपासणीबद्दलही थोडं स्पष्ट बोलायला हवं. पेंढा टाकल्यावर नुसतं पाणी तपासून आकडा उतरला म्हणून टाळ्या वाजवणं ही फसवणूक आहे. पाण्यातला आकडा उतरतो, कारण धातू काडीवर, गाळात किंवा माशात गेलेला असतो. माशातही तो सगळीकडे सारखा नसतो. कॅडमियम मुख्यतः यकृतात आणि मूत्रपिंडात साठतं, शिसं हाडांत, खवल्यांत आणि कल्ल्यांत, मिथिल पारा मात्र थेट मांसात. म्हणून मोठा कटला साफ करून खाणारा शहरी माणूस आणि वळगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे, बारके मासे अख्खेच्या अख्खे खाणारा डोंगरातला माणूस यांना एकाच पाण्यातून वेगवेगळा धोका असतो. जागतिक अन्नसंहितेने (कोडेक्स) माशातल्या शिशाला किलोमागे ०.३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे; ती खाल्ल्या जाणाऱ्या माशाला लागू आहे, तळ्याच्या पाण्याला नाही. तळ्यात तळाचा गाळ चाळणारा मृगळ आणि गाळ उकरणारा सायप्रिनस असेल, तर वरच्या पाण्याचा अहवाल त्यांच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

तेव्हा हा सल्ला देणाऱ्यांकडे माझी मागणी सरळ आहे. पेंढ्याने, पाचटाने किंवा तुसाने मत्स्यतळ्यातले धातू कमी होतात असं म्हणायचं असेल, तर पाणी, गाळ आणि मासा या तिघांचे आकडे दाखवा. माशाचं मांस वेगळं, यकृत वेगळं. ते काडी टाकण्यापूर्वीचे आणि नंतरचे असू देत, शेजारच्या बिनपेंढ्याच्या तळ्याशी ताडलेले असू देत, आणि तळं आटून पहिल्या पावसात पुन्हा भरल्यानंतरचेही असू देत. पहाटेच्या ऑक्सिजनची नोंद सोबत जोडा. मत्स्यव्यवसाय खात्याने आणि नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी असा एक साधा प्रयोग जुन्नरच्या पूर्व भागातल्या फवारणीच्या पट्ट्यात आणि आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यात अशा दोन ठिकाणी केला, तर वाद एका वर्षात निकालात निघेल. आकडे माझ्या विरोधात गेले तर मी ते मान्य करीन. पण ते येईपर्यंत तळेघरच्या शेतकऱ्याने आपला पेंढा बैलापुढेच टाकावा, आणि धातूंची काळजी ज्यांच्या नाल्यांतून आणि फवाऱ्यांतून धातू येतात त्यांनी करावी.